दिसत नाही, पण माग ठेवतो

रात्री शेतात कोण येऊन गेले, हे शेतकऱ्याला सकाळी ओल्या मातीवर दिसते. रानडुक्कर की कोल्हा, एक होते की चार, कोणत्या बांधाने आले व कोणीकडे गेले, हे तो पावलांवरून सांगतो. जनावर त्याने डोळ्यांनी पाहिलेले नसते. तरी ते आले होते याबद्दल त्याला शंका नसते.

रोगाच्या जंतूचेही असेच आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. पण तो जिथून जातो तिथे माग राहतो. हा माग कसा काढावा, जंतू कुठे दडून राहतो आणि एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो, हे या पाठात पाहू. उदाहरण म्हणून पटकी हा रोग घेऊ. पटकीलाच कॉलरा म्हणतात.

आधी माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आनंद होत नाही. पण माझ्या चुकीतून कोणी शिकले तर बरे, म्हणून सांगतो.

१. वाडीवरची साथ

१९८४ साल होते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. डोंगराच्या कुशीत एक वाडी. तिथे एकशिक्षकी शाळा. चौथीपर्यंतचे वर्ग, एक खोली आणि एक ओसरी. ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण. रांजणावर लाकडी झाकण, आणि झाकणावर एक जर्मनचा पेला.

मुले खेळून येत. झाकण सरकवत, पेला रांजणात बुडवत, पाणी पीत, आणि पेला परत झाकणावर ठेवत. मीही तसेच पीत असे. रोज सकाळी दोन मोठी मुले विहिरीवरून दोन घागरी आणून रांजणात ओतत. कालचे पाणी खाली, आजचे वर. रांजण तळापासून रिकामा करून घासला, असे मला आठवत नाही.

वाडीची विहीर ओढ्याच्या काठी होती. तिला कठडा नव्हता. शेजारीच धुण्याचा दगड होता.

जुलै महिन्यात पावसाची झड लागली. त्याच आठवड्यात बाहेरगावी कामाला गेलेला एक माणूस आजारी होऊन घरी आला. त्याला जुलाब व उलट्या होत होत्या. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे. घरच्या बाईने त्याचे कपडे नेहमीच्या दगडावर धुतले. तिचा काय दोष? सारी वाडी तिथेच धुणे धुवत होती. ते पाणी पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरले.

तीनचार दिवसांत अकरा माणसे आजारी पडली. सोमवारी सकाळी आरोग्य केंद्राचे सेवक चिखल तुडवत आले. आम्ही त्यांना डॉक्टरच म्हणत असू. त्यांनी विहिरीत टीसीएल पावडर टाकायला काढली. तेव्हा एक आजी पुढे आल्या.

"आवं डाक्टर, पाणी तर कसं काचंवानी हाय. ह्यात रोग कुठनं आला?"

"आजी, मीठ पाण्यात विरघळलं की दिसतं का? न्हाई ना? पर चव तर लागते. ह्यातलं तर दिसत बी न्हाई आणि चव बी लागत न्हाई."

आजी काही बोलल्या नाहीत. पण त्यांना ते पटले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही पुरते पटले नव्हते.

मंगळवारी वाडीत नवे आजारी कमी झाले. मला हायसे वाटले. पण बुधवारी शाळेतली तीन मुले एकदम आजारी पडली. त्यांत दुसरीतली एक मुलगी होती. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून शाळेत येई. त्या वस्तीचे पाणी वेगळे, वरच्या झऱ्याचे. वस्तीवर दुसरे कोणीही आजारी नव्हते.

तिच्या आईने तिचे पाणी बंद केले. जुलाब लागले की पाणी देऊ नये, पाण्याने जुलाब वाढतात, असा समज होता. मी दुपारी तिला पाहायला गेलो. ती पाणी मागत होती. मी गावचा मास्तर. मी एक शब्द बोललो असतो तर त्या माउलीने ऐकले असते. पण मलाही तेच ठाऊक होते. मी गप्प राहिलो.

रात्री तिला झोळीत घालून सडकेपर्यंत नेले. तालुक्याच्या दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली.

तिचे नाव मी इथे लिहीत नाही. पण एक प्रश्न मला तेव्हापासून छळत राहिला. जी मुलगी वाडीच्या विहिरीवर कधी जातच नव्हती, तिच्या पोटात वाडीचा रोग गेला कसा? याचे उत्तर पुढे येईल. आधी जंतू म्हणजे काय ते पाहू.

२. जंतू म्हणजे काय?

जंतू हा एक अतिशय लहान जीव आहे. पटकीचा जंतू इतका लहान असतो की एकापुढे एक असे सुमारे पाचशे जंतू ठेवावेत, तेव्हा कुठे एक मिलिमीटर लांबी भरते. ज्वारीच्या एका दाण्याच्या लांबीवर हजारोंची रांग सहज बसेल.

सगळेच जंतू वाईट नसतात. रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालता. सकाळी भांडेभर दही होते. हे काम कोण करते? विरजणातले जंतू करतात. ते दुधात वाढतात. एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ असे होत जातात. पातेले उबेला ठेवले तर दही लवकर लागते. थंडीत उशीर लागतो. जंतूला वाढायला ऊब, ओल आणि खाद्य लागते, हे आपल्या घरातल्या बाया फार पूर्वीपासून जाणून आहेत.

रोगाचे जंतूही असेच वाढतात. समजा, एक जंतू दर अर्ध्या तासाला दुप्पट झाला. तर दहा तासांत एका जंतूचे किती जंतू होतील? १०,४८,५७६. म्हणजे दहा लाखांहून अधिक! माणसाचे पोट, उबट ओला भात ही त्यांना वाढायला सोयीची जागा. म्हणून सकाळचे ओले अन्न दिवसभर उघडे ठेवून रात्री तसेच खाणे बरे नव्हे.

३. लंडनचा पंप

पटकी फार जुनी आहे. १८१७ साली बंगालमध्ये तिची मोठी साथ उठली. व्यापाराच्या व लष्कराच्या वाटांनी ती दूरदूरच्या देशांत पोचली. पुढे विलायतेतही गेली. तिथे हा रोग घाण वासातून, हवेतून येतो असे मोठमोठे डॉक्टर मानत.

जॉन स्नो नावाच्या एका डॉक्टरला हे पटत नव्हते. ते म्हणत, हा रोग पोटाचा आहे, तर तो तोंडानेच आत जात असला पाहिजे. १८५४ साली ऑगस्टच्या शेवटी लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या आसपास भयंकर साथ आली. थोड्याच दिवसांत त्या एका वस्तीत सहाशेहून अधिक माणसे मेली.

स्नो यांनी काय केले? माग काढला. ते घरोघर गेले. कोण मेले, ते कुठले पाणी पीत होते, हे विचारत गेले. मेलेली बहुतेक माणसे रस्त्यावरच्या एका हातपंपाचे पाणी पीत होती. जवळच गरिबांचा एक मोठा आश्रम होता. त्यात ५३५ माणसे होती. चारी बाजूंनी साथ असताना तिथे फक्त पाच माणसे मेली. कारण त्या आश्रमाची स्वतःची विहीर होती.

आणखी एक गोष्ट कळली. पूर्वी त्या भागात राहिलेली एक विधवा बाई आता दूर हँपस्टेड इथे राहत होती. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडे. म्हणून तिच्यासाठी इथून पाणी भरून नेत. ती बाई पटकीने मेली. ती राहत होती तिथे दुसरे कोणीही आजारी नव्हते. हवा दोन्हीकडची वेगळी होती. सारखे होते ते फक्त पाणी.

स्नो यांनी हे अधिकाऱ्यांपुढे मांडले. ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढून टाकला. तोवर साथ ओसरू लागली होती. पण त्यानंतर साथीच्या दिवसांत तिथले पाणी कोणाला काढता आले नाही.

मग पाणी बिघडले कसे? हेन्री व्हाइटहेड नावाच्या पाद्र्यांनी त्याचा शोध घेतला. पंपाशेजारच्या घरात एका तान्ह्या बाळाला जुलाब झाले होते. त्याची दुपटी धुतलेले पाणी त्या घराच्या मैल्याच्या खड्ड्यात टाकत. तो खड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता. त्याच्या विटा सुटल्या होत्या. खड्ड्यातले पाणी झिरपत विहिरीत जात होते.

वाचकहो, या पंपाचे पाणी लोकांना नितळ व चवदार वाटे. आमच्या वाडीतल्या आजींनाही विहिरीचे पाणी काचेसारखे वाटत होते.

ही गोष्ट मी पुढे एका पुस्तकात वाचली. हँपस्टेडच्या बाईचा मजकूर वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले होते. ती मुलगी वाडीच्या विहिरीवर जात नव्हती. पण विहीर तिच्याकडे येत होती. रोज दोन घागरी. शाळेच्या रांजणात.

दिवस मोजून पाहा. डॉक्टरांनी सोमवारी सकाळी विहिरीत पावडर टाकली. रांजण भरला होता शनिवारी. विहीर शुद्ध झाली. रांजण तसाच राहिला. सोमवारी मुले शाळेत आली, खेळली, आणि त्याच रांजणात पेले बुडवून पाणी प्याली. बुधवारी तीन मुले आजारी पडली. पटकीचा जंतू पोटात गेल्यावर बारा तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही रोग दिसू लागतो. हिशेब बरोबर जुळतो.

डॉक्टरांनी त्याच आठवड्यात विहिरीच्या व रांजणाच्या पाण्याचे नमुने जिल्ह्याला पाठवले होते. उत्तर आले. विहिरीचे पाणी पिण्यास योग्य. रांजणाचे अयोग्य. त्यात विष्ठेतले जंतू सापडले. तो कागद हातात घेऊन मी ओसरीवर किती वेळ बसून होतो, ते मला सांगता येणार नाही.

४. कलकत्त्याचे तळे

लंडनमध्ये स्नो यांना वाट सापडली. पण त्या वाटेने जाणारा जंतू त्यांना ओळखता आला नव्हता. त्याच १८५४ साली इटलीत फिलिप्पो पाचिनी यांनी तो सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहिला होता. पण त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

१८८३ साली जर्मनीचे डॉक्टर रॉबर्ट कॉख आधी इजिप्तमध्ये व मग आपल्या कलकत्त्याला आले. पटकीने मेलेल्या माणसांच्या आतड्यात त्यांना एकाच आकाराचा जंतू पुन्हापुन्हा दिसला. आपण लिहिताना स्वल्पविराम देतो ना, तसा तो किंचित वाकडा. १८८४ साली त्यांनी हा जंतू वेगळा करून दाखवला.

कलकत्त्याजवळ एका तळ्याभोवती झोपड्या होत्या. लोक त्याच तळ्यात आंघोळ करीत, कपडे धुवत, आणि तेच पाणी पीत. तिथे पटकी उठली. कॉख यांनी तळ्याचे पाणी तपासले. त्यात तोच वाकडा जंतू निघाला. चौकशी केली तेव्हा कळले, की साथीत पहिल्याने मेलेल्या माणसाचे कपडे त्याच तळ्यात धुतले होते.

लंडनचे बाळाचे दुपटे, कलकत्त्याचे तळे, आमच्या वाडीचा दगड. तिन्ही ठिकाणी माग एकच.

५. जंतू ओळखतात कसा?

जंतू एकटा असताना दिसत नाही. म्हणून त्याला वाढू द्यायचे आणि मग पाहायचे, ही युक्ती कॉख व त्यांच्या साथीदारांनी बसवली. पण वाढवायचे कशावर? पातळ रसात सगळे जंतू एकमेकांत मिसळून जातात. घट्ट थर पाहिजे. सरस घालून पाहिला, पण उबेने तो वितळे.

उपाय सुचवला एका गृहिणीने. फॅनी हेसे त्यांचे नाव. त्यांचे पती कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत. फॅनीबाई स्वयंपाकात जेली करताना अगर नावाचा पदार्थ वापरीत. तो समुद्रातल्या शेवाळापासून करतात. आपल्याकडे दुकानात त्याला चायना ग्रास म्हणतात. तो उबेने वितळत नाही. तेव्हापासून आजपर्यंत जगातल्या प्रयोगशाळांत जंतू अगरवरच वाढवतात. एका बाईच्या स्वयंपाकघरातली ही देणगी आहे.

आज दवाखान्यात तपासणी अशी होते. रोग्याचा शौचाचा थोडा नमुना कापसाच्या काडीवर घेतात. तो खास औषधी गर असलेल्या बाटलीत घालून प्रयोगशाळेत पाठवतात. शक्यतो जंतू मारणारे औषध सुरू करण्याआधीच नमुना घेतात. नाहीतर जंतू सापडत नाही. प्रयोगशाळेत तो नमुना काचेच्या बशीतल्या अगरवर पसरून उबेला ठेवतात. एक दिवस जातो. बशीवर पिवळे ठिपके उठतात. एकेक ठिपका म्हणजे एका जंतूपासून वाढलेली लाखोंची वसाहत. पुढे आणखी चाचण्या करून तो पटकीचाच जंतू आहे याची खात्री करतात. आता काही मिनिटांत सांगणाऱ्या पट्ट्याही निघाल्या आहेत. पण पक्की खात्री अजून बशीवरच करतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. तपासणीचे उत्तर यायला वेळ लागतो. रोग्याला पाणी देण्यासाठी त्या उत्तराची वाट पाहू नये.

६. जंतू दडतो कुठे?

साथ संपली की लोक म्हणतात, "रोग गेला." पण जंतू जातो कुठे?

एक, तो माणसात राहतो. ज्यांच्या पोटात पटकीचा जंतू शिरतो, त्यांतल्या पुष्कळांना काहीच होत नाही, किंवा थोडे जुलाब होऊन थांबतात. ते कामाला जातात, लग्नाला जातात, यात्रेला जातात. पण दहा दिवसांपर्यंत त्यांच्या शौचातून जंतू बाहेर पडत असतात. अशा माणसाला स्वतःलाही हे ठाऊक नसते. म्हणून "आमच्यात कोणी आजारी नाही, आम्ही उघड्यावर बसलो तर काय बिघडते?" असे म्हणू नये.

दोन, तो पाण्यात राहतो. विशेषतः नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यात. त्या पाण्यात कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवलेसे जीव असतात. जंतू त्यांच्या अंगाला चिकटून राहतात. पाण्याला ऊब आली, त्या जीवांची संख्या वाढली, की जंतूही वाढतात. बंगालच्या किनाऱ्यावर पटकी पुन्हापुन्हा का उठते, याचे हे एक कारण आहे.

तीन, तो निजून राहतो. थंडी पडली, खाद्य मिळेनासे झाले, की तो आकसतो व निपचित होतो. तेव्हा बशीवर ठेवला तरी तो वाढत नाही. तपासणाराला वाटते, जंतू नाही. पण तो मेलेला नसतो. म्हणून एकदा तपासले, पाणी चांगले निघाले, आता वर्षभर काळजी नाही, असे समजणे चूक आहे.

त्याला मारते काय? उकळते पाणी मारते. टीसीएल पावडरीतला क्लोरीन मारतो. कोरडेपणाही त्याला सोसत नाही.

बांगलादेशात शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातल्या बायांना सांगितले, की जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घड्या करून त्यातून पाणी गाळा. ज्या गावांनी असे गाळले, तिथे पटकी शेकडा ४८ ने कमी झाली. जंतू फडक्याच्या छिद्रातून सहज जातो. पण तो ज्या जिवांना चिकटलेला असतो, ते फडक्यात अडकतात. साडी जुनी का? धुऊन धुऊन धागे फुलतात व छिद्रे बारीक होतात म्हणून. मात्र निम्मा रोग उरलाच, हेही विसरू नका. गाळणे चांगले, पण गाळून झाल्यावर उकळावे किंवा औषध टाकावे.

७. जंतू पसरतो कसा?

पूर्वी आपल्याकडे साथ आली की मरीआईचा गाडा काढीत. वाजतगाजत तो शिवेपर्यंत नेत. पुढच्या गावचे लोक तो आपल्या शिवेतून पुढच्या गावाला पोचवीत. त्या लोकांना हसू नये. रोग गावोगाव फिरतो, हे त्यांनी बरोबर पाहिले होते. त्याची वाट मात्र त्यांना सापडली नव्हती. देवीवर श्रद्धा ठेवणारा माणूसही पाणी उकळू शकतो. त्यात देवीचा अपमान नाही.

वाट अशी आहे. रोग्याचे शौच जमिनीवर पडते. पावसाने ते ओढ्यात, विहिरीत जाते. नळाला गळती असेल व शेजारी गटार असेल, तर पाणी बंद असताना गटाराचे पाणी नळात ओढले जाते. माशी मैल्यावर बसते व तीच भाकरीवर बसते. हात न धुता आई बाळाला भरवते. मूल माठात हात बुडवते. कोणत्याही वाटेने आला तरी शेवटी तो तोंडातूनच पोटात जातो.

८. गावात पाणी कसे तपासावे?

गावात सूक्ष्मदर्शक यंत्र नसते. मग काय करावे? पाण्यात विष्ठेची घाण आहे की नाही, एवढे तरी गावात कळते. १९८२ साली ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी यासाठी एक सोपी बाटली तयार केली. बाटलीत औषध लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे, आणि एकदोन दिवस उबदार जागी ठेवायचे. पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेची घाण आहे असे समजावे. ही बाटली पटकीचा जंतू दाखवत नाही. पण ज्या वाटेने पटकी, हगवण, विषमज्वर व कावीळ येतात, ती वाट उघडी आहे असे सांगते.

पुढे एका शाळेत असताना मला अशा चार बाटल्या मिळाल्या. एक हातपंपाची भरली, एक विहिरीची, एक शाळेच्या टाकीची. चौथी माझ्या घरच्या माठाची. मला वाटले, आपले घर स्वच्छ. मुलांना दाखवायला ती उपयोगी पडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो विहिरीची बाटली काळी, आणि माझ्या माठाचीही काळी!

घरी येऊन सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, शाळेत पोरांना सांगता, ते घरात कधी सांगितलंत का? तुम्ही स्वतःच तांब्या माठात बुडवता." त्या दिवशी बाजारातून लांब दांड्याचे ओगराळे आणले.

काळी झालेली बाटली मुलांच्या हाती देऊ नये. तिच्यात टीसीएलचे पाणी घालून थोडा वेळ ठेवावे व मग माणसांच्या वावरापासून दूर ओतावी.

विहिरीत औषध पडले की नाही, हेही तपासता येते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे वा आरोग्य सेवकाकडे एक द्रव असतो. नळाच्या पाण्यात त्याचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आला नाही, तर नाही. ही तपासणी गावातल्या शेवटच्या घराच्या नळावर करायला सांगा. टाकीजवळ क्लोरीन असतो, आणि शेवटच्या घरापर्यंत तो उरत नाही, असे पुष्कळदा होते. तुम्ही पाणीपट्टी भरता. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

९. वाट अडवा

(अ) विहिरीत पावडर कोरडी फेकू नये. बादलीत पाण्यात कालवावी. चुना खाली बसू द्यावा. वरचे नितळ पाणी विहिरीत सोडून पोहरा खालीवर करून ढवळावे. तासभर पाणी काढू नये. किती पावडर घालायची, ते पाण्याच्या मापावर व पावडरीच्या जोरावर ठरते. जलसुरक्षकाला विचारावे. पावडर ओली झाली वा उघडी राहिली, की तिचा जोर जातो.

(आ) विहीर शुद्ध केली त्याच दिवशी घरातले सर्व माठ, हंडे व रांजण रिकामे करून घासावेत आणि नवे पाणी भरावे. हे मी चुकलो. तुम्ही चुकू नका.

(इ) पिण्याचे पाणी झाकून ठेवावे. ओगराळ्यानेच घ्यावे. हात किंवा पेला आत बुडवू नये.

(ई) साथ असेल तेव्हा पाणी खळखळून उकळावे व त्याच भांड्यात झाकून गार करावे.

(उ) शौचाहून आल्यावर, बाळाचे धुतल्यावर, स्वयंपाकाआधी व जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

(ऊ) शौचालय वापरावे. तान्ह्या बाळाचे शौचही शौचालयातच टाकावे. रोग्याचे कपडे विहिरीवर, ओढ्यावर वा नळावर धुवू नयेत.

१०. जुलाब लागलेच तर

पटकीने माणूस का मरतो? कलकत्त्याचे डॉक्टर शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले, की हा जंतू आतड्यात एक विष सोडतो. त्या विषामुळे अंगातले पाणी व क्षार आतड्यात ओढले जाऊन बाहेर पडतात. माणूस अक्षरशः सुकून मरतो. म्हणजे जुलाब लागलेल्या माणसाचे पाणी बंद करणे, हे सुकणाऱ्या रोपाचे पाणी तोडण्यासारखे आहे.

१९७१ साली बांगलादेशच्या लढाईच्या वेळी लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व सोडा घातलेले पाणी पिंपात भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातलगांकडूनच पाजवले. आधी शंभरांत तीस रोगी मरत होते. ते प्रमाण चाराच्याही खाली आले. साखरेच्या आधाराने आतडे मीठ व पाणी आत शोषून घेते, असे त्याचे शास्त्र आहे.

ही जलसंजीवनी घरी अशी करा. एक लिटर उकळून गार केलेले पाणी. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. दुकानात व आरोग्य केंद्रात पुड्याही मिळतात. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती कालवावी. दर जुलाबानंतर घोट घोट पाजत राहावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. बाळाला अंगावर पाजणे थांबवू नये.

डोळे खोल गेले, तोंड कोरडे पडले, लघवी होईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली जाते, रोगी सुस्त झाला, असे दिसले तर क्षणभरही थांबू नये. दवाखान्यात न्यावे. वाटेतही पाणी पाजत न्यावे.

वाचक बंधुभगिनींनो, पाठ संपला. १९८४ साली एक चमचा साखर, चिमूटभर मीठ व एक ओगराळे यांचे मोल मला ठाऊक नव्हते. नंतर ज्या ज्या शाळेत मी गेलो, तिथे पहिल्या दिवशी हजेरी घेण्याआधी रांजण रिकामा करून घासून घेतला. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. हा पाठ घरी मोठ्याने वाचा. ज्याला वाचता येत नाही, त्याला ऐकवा. आणि उठून आधी आपल्या माठाकडे पाहा.

नवे शब्द

माग – पावलांची खूण
सूक्ष्मदर्शक – लहान वस्तू मोठी करून दाखवणारे यंत्र
नमुना – तपासण्यासाठी घेतलेला थोडा भाग
वसाहत – एका जागी वाढलेला समूह
जलसंजीवनी – साखर-मिठाचे पाणी

प्रश्न

१. लंडनच्या आश्रमातली माणसे साथीतून का वाचली?
२. विहीर शुद्ध झाली, तरी शाळेतली मुले आजारी का पडली?
३. आजारी न दिसणाऱ्या माणसापासूनही रोग कसा पसरतो?
४. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी का बंद करू नये?

करून पाहा

१. आपल्या विहिरीभोवती किंवा नळाभोवती फिरून या. घाण पाण्यात कुठून शिरू शकेल, ते वहीत लिहा.
२. जलसुरक्षकाला बोलावून आळीतल्या शेवटच्या नळाचे पाणी सर्वांसमक्ष तपासून घ्या.
३. घरातल्या प्रत्येकाकडून जलसंजीवनी एकदा करवून घ्या. लहान मुलांनाही माप पाठ करायला लावा.